उद्गारचिन्हाची पट्टी

लाकडाच्या पट्टीवर ऑइलपेंटनं 'पाणी वाचवा' असं लिहिलं, तर पाणी वाचतं का? घाईनं उत्तर देऊ नका. आमच्या गिरीजच्या घरात या प्रश्नाचं उत्तर माझ्या जन्माआधीपासून 'हो' असं आहे. लाकूड नसेल तिथं भिंत, भिंत नसेल तिथं टेम्पोचा फाळका, आणि काहीच हाताशी नसेल तेव्हा माझं शाळेचं दप्तर या कामी आलेलं आहे.

माझे बाबा छापखाना चालवतात. दिवसभर लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापायची, त्यातून उरलेल्या कागदावर पत्रकं. मी जोडून वाचलेला पहिला शब्द 'बावखल'. बावखल म्हणजे आमच्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं. ते केळीला आणि भाजीला पाणी देतं, आसपासच्या विहिरी आतून भरलेल्या ठेवतं. ही बावखलं एकेक करून बुजवली जातात आणि त्यांच्यावर इमारती चढतात, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. बाकीच्या मुलांना झोपताना गोष्टी ऐकवत, मला प्रूफ ऐकवत. याचा मला अभिमान आहे, आणि पुढचं सगळं त्या अभिमानासकट वाचावं.

आमच्या पडवीत शेजारच्या आजोबांचा झायलोफोन होता. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी: कमरेएवढ्या उंच चौकटीवर शिसमाच्या पट्ट्या आडव्या ओळीनं, लांबीनं कमी कमी होत गेलेल्या, दोरीत ओवलेल्या. टोकाला गोटी असलेल्या दोन काठ्यांनी त्या वाजवायच्या. आजोबा तरुणपणी लग्नांच्या बँडमध्ये तो वाजवत. अजूनही स्वतःविषयी बोलताना ते 'आमच्यासारखा हात' असं अनेकवचनी बोलतात. मुलानं विरारला फुलपाड्यात फ्लॅट घेतला तेव्हा आजोबा तिकडे गेले. झायलोफोन लिफ्टमध्ये मावला, पण हॉलमध्ये मावेना. टीव्हीसमोर येतो, असं सूनबाईंचं म्हणणं पडलं, आणि ते खोटं नव्हतं. तसाच तो गिरीजला परतला, आमच्या पडवीत.

मग त्यांच्या थोरल्या नातीचं लग्न ठरलं. त्यांच्यात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वाजतगाजत विहिरीवर जातात आणि तिथून आणलेल्या पाण्यानं नवरीला न्हाऊ घालतात. फुलपाड्यात विहीर कुठून आणणार? त्यामुळे पाण्याला सगळ्यांनी गिरीजला, आमच्याच विहिरीवर यायचं ठरलं. नातीनं डीजे बघून ठेवला होता. आजोबा म्हणाले, "पाण्याला मी वाजवणार." त्यांच्या हाताला कंप सुरू झाला होता, हे त्यांनाही कळत होतं आणि आम्हालाही. नात म्हणाली, "वाजव ना आजोबा, जमलं तर. नाहीतर डीजे आहेच."

हे 'नाहीतर' त्यांच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून लग्न नातीचं उरलं नाही, आजोबांचं आणि डीजेचं झालं.

नेमक्या त्याच दिवसांत आमच्या मागचं बावखल बुजवायला मातीचे डंपर येऊ लागले आणि बाबांनी मोर्चा जाहीर केला. मोर्च्यात झायलोफोन वाजवावा ही कल्पना माझी; ढोल ऐकून तहसील कार्यालयात आता कुणी मान वर करत नाही. आजोबांनी मोठ्या मनानं होकार दिला. फुलपाड्याहून ते रंगीत तालमीला आले, तेव्हा पडवीतल्या झायलोफोनवर बाबांनी आदल्या दुपारी केलेलं काम सुकत होतं.

बाबांना कोरी जागा सहन होत नाही, हे मी वर सुचवलंच आहे. एका ओळीत इतक्या स्वच्छ पट्ट्या पाहून त्यांच्यासारख्या माणसानं दुसरं काय केलं असतं? एका पट्टीवर एक अक्षर, लाल ऑइलपेंट, वर पांढरी किनार. 'बावखल वाचवा, वसई वाचवा.' पट्ट्या उरल्या म्हणून 'पाणी आमचा हक्क'. तरी शेवटी एक छोटी पट्टी उरली. तिच्यावर उद्गारचिन्ह.

आजोबांनी काठी उचलून 'बा' वर मारली. ठक. 'व' वर मारली. ठक. सबंध घोषणा त्यांनी एकदा वाजवून पाहिली. रद्दीच्या गठ्ठ्यावर कुणी काठी आपटावी तसा आवाज आला.

"हे काय केलंस रे?"

"काका, दुरून वाचता येतं. पार रस्त्याच्या पलीकडून."

"वाचायला दिलं होतं का मी तुला?"

बाबांनी आयुष्यात सरकारला पुष्कळ प्रश्न विचारले आहेत. त्यांना विचारलेला एखादा प्रश्न इतका सोपा असेल, याची त्यांना सवय नव्हती.

शिसमाची पट्टी दोरीवर जवळजवळ अधांतरी असते, म्हणून ती बोलते. तिच्यावर रंगाचे दोन हात चढले की तिचा आवाज आत दबतो. रंग काढायचा तर काचेच्या तुकड्यानं हलकेच खरवडायचा. त्याबरोबर लाकूडही खरवडलं तर सूर उतरतो. मोर्चा झायलोफोनशिवाय गेला. पुढचे कितीतरी दिवस बाबा आणि आजोबा पडवीत समोरासमोर बसून घोषणा खरवडत होते. प्रत्येक पट्टीनंतर आजोबा नातीनं मोबाईलवर घालून दिलेलं सुराचं ॲप उघडत, पट्टी वाजवत, आणि ॲपचा काटा आपल्या कानाशी जुळला नाही तर ॲपला शिव्या देत.

आई ताक घेऊन यायची. एकदा म्हणाली, "इतकी वर्षं नुसतं लिहिलंत. बरं झालं, पुसायला पण शिकताय."

"पुसत नाहीये, दुरुस्त करतोय."

"सरकार पण तेच म्हणतं," आई म्हणाली.

सगळी अक्षरं निघाली. शेवटच्या पट्टीला भोकापाशी जुनी चीर होती, आणि तिथं बाबांनी रंग जाड दिला होता. काच लागली तशी पट्टी आडवी मोडली. एकही वाक्य उद्गारचिन्हाशिवाय न संपवणाऱ्या माझ्या बाबांच्या हातात त्यांचं उद्गारचिन्ह दोन तुकडे होऊन पडलं होतं. वर रेघ एका तुकड्यात, खाली टिंब दुसऱ्यात.

"पाण्याची धून या पट्टीवर येऊन थांबते," आजोबा म्हणाले. "बाकी कुठलीही गेली असती तर आमच्यासारखा हात वळसा घालून गेला असता. आता डीजेला सांगा या म्हणावं."

मग सुटी पट्टी शोधणं आलं. विरारच्या वाद्यांच्या दुकानात मी विचारलं, तर माणसानं इंद्रधनुष्याच्या रंगाचं प्लास्टिकचं खेळणं पुढे केलं. "बच्चे के लिए?" मी म्हटलं, आजोबांसाठी. त्यानं मग मोठ्या आकाराचं खेळणं दाखवलं. इंटरनेटवर अख्खे झायलोफोन मिळतात, परदेशातून घरपोच येतात. एक पट्टी पाहिजे म्हटलं की समोरचा चॅटवाला 'आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का' विचारून निघून जातो. इथं मला राहवत नाही. एक पट्टी गेली म्हणून अख्खं वाद्य टाका, एक बटण गेलं म्हणून मिक्सर टाका, आणि तळ्यात गाळ साचला म्हणून तळंच बुजवा! हे सगळं एकाच डोक्यातून निघालेलं आहे, आणि त्या डोक्याला आपण विकास म्हणून हार घालतो. (हे उद्गारचिन्ह माझं. बाबांचं नाही.)

आजोबांना हवं होतं जुनं शिसम. नवं लाकूड ओलं असतं, वाळता वाळता सूर बदलतं. वर्षानुवर्षं घरात राहून सुकलेलं शिसम पाहिजे. आणि जुनं लाकूड वसईत आता एकाच ठिकाणी ढिगानं मिळतं: जुनी घरं पाडून इमारती बांधणाऱ्याच्या वखारीत. अशी एक वखार चिंचोटीकडे, हायवेला लागून आहे. ती कुणाची, हे बाबांना विचारावं लागलं नाही. त्याच माणसावर त्यांनी आजवर सर्वांत जास्त कागद खर्च केला होता. आमच्या मागच्या बावखलातली मातीही त्याचीच.

"मी त्या दारात पाय ठेवणार नाही," बाबा म्हणाले. "तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्व तुझं," आजोबा म्हणाले, "पट्टी माझी. चल."

आम्ही तिघं गेलो. वखारीत चौकटी, तुळया, दारं, पलंग रचून ठेवलेले. अख्खं जुनं गाव आडवं करून ठेवल्यासारखं. आजोबा एकेका लाकडावर काठी मारत, कान लावत पुढे सरकत होते. साग, साग, फणस, साग. "साग घरासाठी ठीक आहे," ते म्हणत, "गळा नाही त्याला." तोंड फिरवून उभं राहायचं ठरवलेले बाबा थोड्या वेळानं दुसऱ्या टोकाकडून स्वतःच ठोकत यायला लागले.

मालक बाहेर आला. बाबांना पाहून हसला, आणि त्या हसण्यात मला कुठलाच खोटेपणा सापडला नाही, याचाच मला राग आला.

"या या साहेब. तुमचं पत्रक येतं ना आमच्याकडे. मी प्रत्येक वाचतो."

"वाचता?" बाबांचा आवाज नकळत मऊ झाला. कुठल्याही लेखकाचा होईल.

"वाचतो म्हणजे काय! अजून कुठं कुठं बावखल शिल्लक आहे, कुणाच्या वाडीत आहे, मालक परदेशात आहे का इथं, एवढं नीट दुसरं कोण लिहितं? आमची माणसं तेच घेऊन फिरतात."

बाबांनी तोंड उघडलं. तेवढ्यात पलीकडून आवाज आला, स्वच्छ, गोल, ढिगातून कुणीतरी हाक मारल्यासारखा. आजोबांनी एका मोडक्या पलंगाच्या खुरावर काठी मारली होती.

"शिसम," ते म्हणाले.

"न्या ना आजोबा," मालक म्हणाला. "तुमच्याच गावातल्या घराचा आहे."

परत येताना रिक्षात आजोबा खूर मांडीवर घेऊन, बाळाला थोपटावं तसे बसले होते. बाबा हायवेकडे पाहत होते.

खुरातून पट्टी निघाली. आजोबांनी खालून घासून घासून ती सुराला आणली. ॲपशी झालेलं भांडण त्यांनी या वेळी जिंकलं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी झायलोफोन हातगाडीवर बांधला, बाबा आणि मी गाडी ढकलत होतो, आजोबा बाजूनं चालत वाजवत होते, मागे बायका डोक्यावर कळश्या घेऊन. आजोबांचा हात कापत होता, आणि त्या कापण्यानं सूर जरा लांबत होता. लोकांना ती कलाकारी वाटली. आजोबांनी कुणाचाही गैरसमज दूर केला नाही.

विहिरीवर पहिली कळशी भरली. नवरीच्या आत्यानं बोट बुडवून जिभेला लावलं.

"अगो, हे तर मचूळ झालंय."

मागच्या बावखलात माती पडायला लागल्यापासून आमच्या विहिरीचं पाणी असंच लागतं. आत्यानं पिशवीतून विकतच्या पाण्याची बाटली काढली आणि कळशीत थोडं ओतलं, प्रसाद घालावा तसं. आजोबांनी धून तिसऱ्यांदा सुरू केली. शेवटच्या ठिकाणी पट्टी भोकापाशी कडकन फुटली. खुरात आत कुठंतरी जुना खिळा बसला असावा. आजोबा थांबले नाहीत. तो सूर त्यांनी तोंडानं म्हटला, मोठ्यानं. नातीनं तो उचलला, मग बायकांनी. डीजे घरून निघालाच नव्हता. नातीनं त्याला सकाळीच नको म्हणून कळवलं होतं. हे तिनं आजोबांना सगळं संपल्यावर सांगितलं.

बाबांच्या पत्रकात आता उरलेल्या बावखलांचे पत्ते नसतात. मला हे पटत नाही. लपवलेलं तळं गुपचूप बुजवणं आणखी सोपं. आमचं यावर रोज भांडण होतं. एका गोष्टीवर मात्र आमचं एकमत आहे. धाकट्या नातीचं लग्न बाकी आहे, आजोबांनी पाण्याला वाजवायचं सांगून ठेवलं आहे, आणि वखारीची पायरी आम्हाला पुन्हा चढायची नाही.

म्हणून विनंती. तुमच्याकडे जुनं घर उतरत असेल, जुना पलंग, दार, देव्हारा निघत असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी प्रत्येक लाकडावर एकदा बोटाच्या पेरानं ठोका. जे बोलेल ते वीतभर आमच्यासाठी बाजूला ठेवा आणि गिरीजला आणून द्या. अर्धं बुजलेलं बावखल कुणालाही विचारा, शेजारचं घर आमचं. आणि मेहेरबानी करून त्यावर काहीही लिहू नका.