जावयाच्या वाट्याचा राग

इतरांना पोळी-भाजी लागते, माझ्या बायकोच्या आत्याला राग लागतो. बहात्तर वर्षांच्या या बाईंना मी अकरा वर्षं ओळखतो आणि एवढ्या काळात त्या शांत बसलेल्या मी फक्त फोटोत पाहिल्या आहेत. तोही बहुधा फोटो काढणाऱ्यावर चिडण्याच्या आधीचा असावा. पण त्यांच्याविषयी गमतीने काही लिहायचं, तर आधी मला एक कबुली द्यावी लागेल. आमच्या छोटीला मोबाइल दाखवून जेवू घालायला सुरुवात मी केली. मंजूने, म्हणजे माझ्या बायकोने, नाही. मी. त्याबद्दल आत्याबाईंची बोलणी मात्र वर्षभर मंजूने खाल्ली, त्यापायी ती नोकरी सोडायला निघाली, आणि मी शेजारच्या खुर्चीत बसून चहा पीत राहिलो.

आत्याबाईंनी तीस वर्षं जबलपूरच्या एका मुलींच्या वसतिगृहाची मेस चालवली. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलंच, तर "दीडशे पोरींचे दोन वेळचे नखरे पाहत होते, आणखी एकाचे कुठं पाहू?" असं त्याला सुनावतात. त्यांच्या घराण्याच्या चार-पाच पिढ्या इथेच गेल्या, त्यामुळे त्यांचा राग मराठीत पेटतो, हिंदीत उकळतो आणि पुन्हा मराठीत येऊन निवतो. मेसमध्ये त्यांचा एक नियम होता. जेवून निघालेल्या मुलीला त्या दारात अडवायच्या आणि विचारायच्या, "काय खाल्लं?" जिला भाजीचं नाव सांगता आलं नाही, तिने परत पाटावर बसायचं, एक घास खायचा, नाव सांगायचं आणि मगच वर्गात जायचं. "तू भाजीकडं पाहत नसशील, भाजी तर तुझ्याकडं पाहून राहिली न!" हे त्यांचं तत्त्वज्ञान. त्या मुली आता डॉक्टर, अधिकारी, कुणाच्या सासवा झाल्या आहेत. त्यांतली एक परवा बाजारात समोर आली आणि नमस्काराच्याही आधी तिच्या तोंडून निघून गेलं, "दीदी, आज लौकी खाई!" म्हणजे दुधी खाल्ला.

मोबाइल आला आणि आत्याबाईंच्या रागाला म्हातारपणी नवं तारुण्य फुटलं. पोरांच्या तोंडासमोर मोबाइल धरून घास कोंबणारे आईबाप हे त्यांचे जन्माचे वैरी. मागे एका नातेवाइकाच्या लग्नात जेवणाच्या टेबलावर ओळीने सहा पोरं बसली होती, सहांच्या समोर सहा मोबाइल पाण्याच्या ग्लासांना टेकवून उभे केलेले, आणि मागून सहा आयाबापांचे हात पुरीचे तुकडे तोंडात सारत होते. आत्याबाईंनी वाढप्याकडून वरणाची रिकामी बादली मागून घेतली, पुसून कोरडी केली, सहाही मोबाइल तिच्यात गोळा केले, वर झाकण ठेवलं आणि झाकणावर स्वतः बसल्या. मांडवात सहा भोंगे सुरू झाले. एक बाप तणतणत आला, तेव्हा त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "भैया, पाच मिनिटं रडू दे. रडून भूक लागते. मोबाइल पाहून लागते का?" नवरीमुलगी स्वतः विनवायला आली, तेव्हाच बादली उघडली. घरी परतल्यावर मी हा किस्सा मंजूला रंगवून सांगत होतो. सांगणाऱ्याच्या खिशात काय होतं, ते मलाच माहीत होतं.

माझं कसं झालं ते सांगतो. मंजू जबलपूरजवळच्या पाटन गावी एका कॉलेजात शिकवते. आम्ही राहतो जबलपुरातच, महाराजपूरला. साडेसातला तिला बस धरावी लागते. माझं ऑफिस दहाचं, तेव्हा सकाळी छोटीला जेवू घालून पाळणाघरात सोडायचं काम माझं. छोटी तोंडात घास धरून बसायची. एकेका घासामागे चिऊ, काऊ, खिडकीतली खार, सगळं व्हायचं आणि तास जायचा. एक दिवस मी मोबाइलवर रंगीत गाड्यांची गाणी लावली. पोरीचं तोंड आपोआप उघडलं. पत्रपेटीत पत्र टाकावं तसा मी घास टाकत गेलो, आणि बारा मिनिटांत वाटी रिकामी! मला केवढा अभिमान वाटला त्या बारा मिनिटांचा! पुढे चावायचीही तिला आठवण राहीना, म्हणून मी वरण-भात-भाजी मिक्सरमधून काढू लागलो. तेव्हा मिनिटं नऊवर आली. आज त्या नऊ मिनिटांची आठवण झाली की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. माझ्या हातून जेवणाऱ्या माणसाला आपण जेवतो आहोत हे कळत नव्हतं, आणि मी घड्याळ पाहून खूश होत होतो.

याहून वाईट पुढे आहे. मंजू संध्याकाळी जेवू घाले, तेव्हा छोटी तोंड मिटून बसे. "तुमच्याकडे सकाळी जेवते, माझ्याकडेच काहून जेवत नाही हो?" मंजू रडवेली होऊन विचारी. मी खरं सांगितलं नाही. एका संध्याकाळी, जणू आत्ताच सुचलं अशा थाटात, म्हणालो, "दोन मिनिटं मोबाइल लावून बघ ना. भातही मिक्सरमधून काढ." तिने लावला, पोर जेवली, आणि ही सवय आपणच लावली असं मंजू त्या दिवसापासून समजू लागली. मी तिला तसं समजू दिलं.

आत्याबाईंनी हे पाहिलं ते एका रविवारी. त्या अधारतालच्या आपल्या घरून स्कूटर हाकत आल्या तेव्हा मंजू छोटीला भरवत होती. वाटी संपल्यावर आत्याबाईंनी मोबाइल पालथा घातला आणि आपला जुना प्रश्न विचारला, "काय खाल्लं गं, छोटी?"

छोटीने विचार केला. म्हणाली, "निळा ट्रक."

"तोंडात काय होतं?"

"निळा ट्रक!"

आत्याबाई मंजूकडे वळल्या. "हद है! साडेतीन वर्षांच्या पोरीला ट्रक चारून राहिली तू! दात दिले न देवानं? मग मिक्सर काहून लागतो? कॉलेजात दुसऱ्यांच्या पोरींना शिकवून राहिली, घरच्या पोरीला घास चावता येत नाही!" मंजू खाली मान घालून उभी. मी वर्तमानपत्र उघडलं. तेवढ्यात आत्याबाई माझ्याकडे वळल्या आणि साखरेत घोळलेल्या आवाजात म्हणाल्या, "चहा गार होऊन राहिला जी तुमचा. आणखी टाकू का?"

मंजूच्या घराण्यात जावयाला कोणी बोलत नाही. जावई उशिरा आला तर रस्ता खराब असतो, जावयाने मीठ जास्त घातलं तर मीठच खारट निघालेलं असतं. अकरा वर्षांत मला या चालीरीतीतली एकही अन्यायाची गोष्ट दिसली नव्हती, कारण ती माझ्या सोयीची होती. त्यानंतर दर रविवारी आत्याबाई यायच्या, मंजूवर कडाडायच्या, आणि ती कमानीसारखी वाकली की माझ्यापुढे लाडू ठेवायच्या. मी लाडू खायचो. चव विचारली असती तर मलाही सांगता आली नसती. आणि सोमवारी सकाळी मंजूची बस गेली की मी पुन्हा मोबाइल काढायचो. संतापाने लिहितो आहे हे, आणि संताप दुसऱ्या कुणावर काढायला जागा नाही.

जानेवारीत मटरचा हंगाम असतो. मंजूने पाटनहून पोतंभर शेंगा आणल्या होत्या आणि रविवारी दुपारी आम्ही सगळे अंगणात उन्हात सोलायला बसलो. छोटी आत्याबाईंजवळ गेली आणि म्हणाली, "मोबाइल दे, मग मी खाते."

"तुला कोणी म्हटलं खायला? माझे मटर आहेत. मी खाणार." आत्याबाईंनी तिच्याकडे पाठच केली आणि शेंग फोडून दाणे तोंडात टाकले, चांगले आवाज करत. आणखी एक फोडली. छोटी बघत राहिली. मग तिने हळूच हात घातला, एक शेंग उचलली, ती दाताने फोडली, दाणा जिभेवर फिरवला आणि कचकन चावला. माझी मुलगी चावत होती! दुसरा दाणा, तिसरा. आत्याबाईंनी मागे न पाहताच विचारलं, "काय खाल्लं?"

"मटर!"

म्हातारीचे डोळे भरले. आणि भरल्या डोळ्यांचं काय करायचं ते ठाऊक नसल्यामुळे त्या नेहमीप्रमाणे मंजूवर तुटून पडल्या. "पाहिलं? काही रोग नाही पोरीला! आईला वेळ नाही, एवढाच रोग आहे!"

मंजूने हातातली शेंग परातीत ठेवली. ती चिडली नाही, रडलीही नाही. "बास आत्या," ती म्हणाली, "तुझं बरोबर आहे. उद्या राजीनामा देऊन येते. अर्ज लिहून पर्समध्ये ठेवलाय."

आत्याबाई दचकल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मुठीतले सोललेले दाणे माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "घ्या न जी, गोड आहेत."

ते दाणे मला घेता आले नाहीत. "आत्या," मी म्हणालो, "पहिल्या दिवसापासून मोबाइल मी दाखवतोय. रोज सकाळी. मिक्सरही माझाच. मंजूला संध्याकाळी मोबाइल लावायला मीच सांगितलं."

"मला माहीत आहे."

"माहीत आहे?"

"छोटीनं केव्हाच सांगितलं मला, ट्रक बाबाच्या मोबाइलमध्ये राहतो म्हणून. पण जावयाला कसं बोलू मी? लेकी बोले सुने लागे म्हणतात न? साल झालं, पुतणीला बोलून राहिली, जावयाला काही लागूनच नाही राहिलं! कातडी आहे का कढईचं बूड आहे?" आणि मग अकरा वर्षांचा बांध फुटला. "अरे बेशरम आदमी! बायको शिव्या खाते न तू लाडू खातो? ती नोकरी सोडून देईपर्यंत बसला असता का रे पेपर वाचत?" जी गेलं, तुम्ही गेलं. अंगणात शेजारी डोकावले. मी मान खाली घालून उभा राहिलो आणि प्रथमच मला वाटलं, हे माझ्या वाट्याचं आहे, हे मला मिळायलाच हवं होतं.

पण मंजू उठून उभी राहिली होती, आणि ती माझ्याकडे पाहत नव्हती. "तुला माहीत होतं, आत्या? आणि तरी मला बोलत होतीस? वर्षभर?"

दीडशे मुलींना धाकात ठेवलेली ती बाई परातीपाशी खाली बसली आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "चुकलं गं माझं, बिट्टी, माझ्या पोरी." तेवढंच. दोन क्षण लागले असतील. मला वर्ष लागलं होतं.

छोटी शेंगांच्या टरफलांत बसून दाणे चावत होती. मी मंजूसमोर गेलो.

"मंजू, तुझं काही चुकलं नव्हतं," मी म्हणालो. "चूक माझी होती आणि ती तुला तुझी वाटू दिली. तो अर्ज फाडून टाक. सकाळी मला तास लागला तरी मी हाताने जेवू घालीन. तू रडायचीस तेव्हा मला खरं माहीत होतं आणि मी गप्प बसलो, त्याची माफी मागतो. आज मागतोय, पहिल्याच संध्याकाळी मागायला हवी होती."