मास्तरकी सुटलेला रघुनाथ

रघुनाथ साळवी गेल्याची बातमी मला पोलादपूरहून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरने सांगितली. त्याने शाळेच्या फाटकाशी गाडी उभी केली, खाली उतरला, "गुरुजी गेले पहाटे," एवढंच म्हणाला आणि तोंड फिरवून डोळे पुसू लागला. मी महाडच्या या शाळेचा हेडमास्तर, तरी कोण गुरुजी हे मला विचारावं लागलं नाही. शाळेने काढून टाकल्याला इतकी वर्षं लोटली, पण पोलादपूरच्या खोऱ्यात गुरुजी म्हणजे रघुनाथच. मला दुःख झालं, खरंच झालं. पण त्याच्या पाठोपाठ असंही मनात आलं, की माझी बातमी सांगायला कुणी भरली गाडी थांबवेल का...

आम्ही दोघे एकाच वर्षी नोकरीला लागलो. आमच्या वर्गांच्या मध्ये लाकडी फळ्यांची भिंत होती. मी गणित शिकवायचो, तो इतिहास. पलीकडे त्याची मुलं हसली की माझी मुलं कान टवकारायची. माझा एकच दिलासा होता : माझ्यापाशी ट्रेनिंगचा दाखला होता, त्याच्यापाशी नव्हता. मग शाळेचं मंडळ बदललं, आणि नव्या मंडळींनी ट्रेनिंग न झालेल्यांना घरी बसवायचं ठरवलं. रघुनाथने तेव्हा चाळिशी ओलांडली होती. शेवटच्या दिवशी तो माझ्या वर्गाच्या दारात आला आणि म्हणाला, "माझा धडा अर्धा राहिलाय. उद्या तेवढा पुरा कर." मी दुसऱ्या दिवशी तो पुरा केला. पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहून म्हणाली, "सर, साळवी गुरुजी असं नव्हते सांगत."

पुढचे काही महिने त्याचे फार वाईट गेले. मेहुण्याच्या कापडदुकानात तो गजाने कापड मोजायचा आणि गिऱ्हाइकाशी बोलता बोलता कापायचं विसरायचा. दासगावला शिकवण्या धरल्या, त्याही सुटल्या. त्या दिवसांत मी त्याच्याकडे वरचेवर जात असे. आमची मैत्री तेव्हा मला सर्वांत सोपी वाटली. आणि मग एक दिवस त्याने सांगितलं, की तो महाबळेश्वरला मधमाश्या पाळायचं शिकायला चाललाय. सुमतीवहिनी माझ्या बायकोपाशी, कुसुमपाशी, रडल्या. मीही त्याला म्हटलं, "रघुनाथ, या वयात माश्या पाळणार?"

"या वयात मला दुसऱ्या कुठल्या वर्गात बसू देतील?" तो म्हणाला. "तिथे निदान विद्यार्थी म्हणून तरी घेतायत."

पहिल्या वर्षी त्याच्या सगळ्या पेट्या रिकाम्या झाल्या. माश्या उठून गेल्या, आणि हा सुजलेलं तोंड घेऊन बाजारात फिरायचा. पण हटला नाही. पोलादपूरच्या वरच्या अंगाला त्याचं गाव, तिथेच बिऱ्हाड हलवलं, आणि हळूहळू डोंगरातल्या घराघरामागे त्याने पेट्या ठेवायला लावल्या. एकदा कुसुमला घेऊन मी त्याच्याकडे गेलो होतो. तेवढ्यात धोंडू नावाचा शेतकरी चढण चढून धापा टाकत आला.

"गुरुजी, माशी गेली. पेटीत कायपन नाय."

"तिच्यावर रागावू नको. तिला काय कमी पडलं ते बघू या," असं म्हणून रघुनाथ निघाला, आम्हीही मागोमाग. आजूबाजूची माणसं जमली. त्याने पेटी उघडली, एकेक चौकट उचलून उन्हाकडे धरली आणि कुठे किडीने मेण खाल्लंय ते हलक्या आवाजात सांगत गेला. म्हातारी माणसं पोरांसारखी मान पुढे काढून ऐकत होती. कुणी खोकलंसुद्धा नाही. माझ्या वर्गात शांतता असायची, पण ती छडीची. परतताना गाडीत कुसुम म्हणाली, "भावोजी किती तरुण दिसायला लागलेत." मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

मला त्याच्या मधाचा हेवा नव्हता, मानाचाही फारसा नव्हता. त्याला कुणीतरी दाराबाहेर काढलं होतं, आणि बाहेर त्याला एक अख्खा डोंगर मिळाला होता. मला कुणी काढलं नाही. मी हेडमास्तर झालो. रजेचे अर्ज, घंटा आणि कुलपं सांभाळत राहिलो. सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर एकदा दोघे आंघोळीला गेलो असताना मी हे त्याला अर्धंमुर्धं बोललो. "मग ये की माझ्याकडे," तो सहज म्हणाला. मी मुलीच्या लग्नाचं काढलं, पेन्शनचं काढलं. त्याने पुन्हा विषय काढला नाही.

शेवटची भेट महाडच्या दवाखान्यात, त्याला गावी परत नेण्याआधी. पोटाच्या दुखण्याने तो पार वाळला होता. खिडकीतून आमच्या शाळेची घंटा ऐकू आली.

"सुटली का रे शाळा?"

"नाही, मधली सुट्टी."

त्याने खिडकीकडे मान वळवली. मग म्हणाला, "बाजारात आलो ना, की मी तुमच्या शाळेवरनं कधी गेलो नाही. लांबच्या वाटेने जायचो. पोरांचा गलका कानावर आला तर पाय आपोआप आत वळतील, असं वाटायचं... तू रोज त्या फाटकातून आत जातोस, याचा फार हेवा वाटला मला."

मी त्याचा हात हातात घेतला. माझाही हेवा तेव्हाच पुरता सांगून टाकायला हवा होता. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्याच्यापेक्षा काहीतरी जास्त मिळालं होतं, आणि ते मला थोडा वेळ जवळ ठेवायचं होतं. तेवढ्यात त्याला झोप लागली.

तेरावा झाल्यावर काही दिवसांनी त्याच्या गावी गेलो. दिवस कलला होता. पडवीत सात-आठ माणसं भिंतीला टेकून बसली होती. मला वाटलं, भेटायला आली असतील. सुमतीवहिनी म्हणाल्या, "नाही भावोजी, ही रोजच येतात. ते असताना याच वेळेला यायची, पेट्यांचं विचारायला. आता विचारायचं कुणाला? तरी येतात."

धोंडू सरकला. "बसा सर," म्हणाला. मी बसलो. बऱ्याच वेळाने एकजण कुणाकडेच न बघता म्हणाला, "वरल्या अंगाला जांभळी फुलल्यात, माशीला चारा झाला," आणि बाकीच्यांनी माना हलवल्या, जणू हे सांगायलाच तो आला होता. वहिनींनी सगळ्यांना चहा आणला. शेवटची गाडी गाठायची तर उठायला हवं होतं. पण त्या माणसांच्या मधून मला उठवेना, आणि रघुनाथचा हेवाही कमी होईना.