पुष्पचक्रातली शेवंती

बाबांच्या ऑफिसातून पुष्पचक्र आलं तेव्हा आईला आंघोळ घालून, साडी नेसवून बाहेरच्या खोलीत आणलं होतं. २०१३ चा जानेवारी. इथे उत्तरेत, मानक नगरच्या आमच्या क्वार्टरची फरशी गारठलेली. बाबांचे साहेब ते स्वतः घेऊन आले, आईच्या पायाशी ठेवून हात जोडून उभे राहिले. पांढरी शेवंती, वर ऑफिसच्या नावाची जांभळी रिबन.

"हिच्या केसांत काही नाही," बाबा म्हणाले.

आमच्याकडे सवाष्ण गेली की तिला हिरवं नेसवतात, कुंकू लावतात, वेणी माळतात. साडी होती. कुंकू शेजारच्या चाचींनी लावलं होतं. वेणी कुणाच्या लक्षातच आली नव्हती.

"राहू द्या ना बाबा, गाडी कधीची उभी आहे," मी म्हणाले.

बाहेरून हाक आलीच, "बेटा, जल्दी करो, घाट पर सब इंतज़ार कर रहे हैं।"

बाबा हलेनात. मी चिडले. सगळे बघत होते, आणि लोक बघायला लागले की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

"अकरा वर्षं राहूच दिलं की," ते म्हणाले. आवाज चढवला नाही.

अकरा वर्षांपूर्वी, मी आठवीत असताना, आई गजरा माळून माझ्या शाळेत आली होती. भर दिवसा गजरा माळते म्हणजे कोठ्यावरची, असं वर्गातल्या मुली खुसखुसल्या. घरी येऊन मी थयथयाट केला, "माँ, प्लीज़, ये सब लगाके मत आया करो।" आई नुसती हसली. त्यानंतर तिच्या केसांत फूल दिसलं नाही, संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही नाही. मी ते सोयीस्करपणे विसरले. बाबा रोज बघत होते.

मी खाली बसले आणि पुष्पचक्रातली शेवंती उपटायला लागले, साहेबांच्या देखत. तारेने बोट कापलं.

"अरे, ये क्या कर रही हो?" चाची दचकल्या.

मी त्यांच्याकडे सुईदोरा मागितला. वेणी करायला मला येत तरी कुठे होतं! आई शिकवायला बसली की मी उठून जायचे. शेवटी सुईदोऱ्यात फुलं ओवली, वेडीवाकडी. गाडीचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला.

बाबांनी आईची मान उचलून धरली. केस अजून ओले होते. मी पिन लावायला गेले, बसेना. बसली तेव्हा बाबांनी एकदा नीट पाहिलं.

"आता न्या," ते म्हणाले.

मला आणखी थोडा वेळ हवा होता.