गाण्यांना बंदी असलेला रेडिओ

कन्नड मुलखातल्या चामराजपुरमच्या आमच्या मराठी घरात रेडिओवर गाणं लावायला सक्त मनाई होती. अप्पा शिंपी. त्यांचं म्हणणं असं की गाणं लागलं की पाय त्या चालीवर पडतो, मशीन नको तिथं धावते आणि शिवण वाकडी जाते. बोलण्याला ठेका नसतो, म्हणून बोलणं चालेल. त्यामुळे सरकारी रेडिओवर जे जे म्हणून बोललं जातं ते सगळं ऐकत मी वाढले. मैत्रिणींना सिनेमातली गाणी तोंडपाठ होती आणि मला भातावरच्या किडीचा बंदोबस्त. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

दुकान बंद करून आता बरीच वर्षं झाली, तरी पुढच्या खोलीत मशीन आहेच. ओळखीच्या बायकांच्या साड्यांना फॉल लावणं, ब्लाउज उसवून सैल करून देणं, असलं काहीबाही चालतं आणि बाजूला रेडिओ बोलत असतो. न्हाणीघर पार मागे. यंदा एका दुपारी आई तिथं पाय घसरून पडली. चहाची वेळ टळून गेली तरी चहा आला नाही, म्हणून अप्पा उठून आत गेले, तर ती बेशुद्ध. दवाखान्यात नेली ती परत आली नाही. डोक्याला मार लागला होता. डॉक्टर म्हणाले, पडल्याबरोबर शुद्ध गेली असेल, त्यांना काही कळलं नसेल. मी ते वाक्य अप्पांना सांगितलं, भेटायला येईल त्या प्रत्येकाला सांगितलं आणि स्वतःलाही पुन्हापुन्हा सांगत राहिले. त्या वाक्याचा मला फार आधार होता.

तेरावा झाल्यावर शेजारच्या आंटींनी मला फाटकापाशी गाठलं आणि त्या रडायलाच लागल्या. त्या दुपारी त्या गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. आमच्या मागच्या बाजूनं बाईचा आवाज येत होता, "यारादरू बन्नी, यारादरू बन्नी." कुणीतरी या. "रेडिओ अंदकोंडे," आंटी म्हणाल्या. त्यांना वाटलं रेडिओच आहे. आमच्या घरातून दिवसभर कुणी ना कुणी कन्नडमधून बोलत असतंच, त्यात लक्ष काय द्यायचं! आता त्यांना झोप लागत नव्हती. अप्पांसमोर सगळं बोलून टाकायचं होतं, त्यांचे पाय धरायचे होते.

आईनं कन्नडमध्ये का हाक मारली, ते मला लगेच कळलं. मशीनच्या आणि रेडिओच्या आवाजात नवऱ्याला ऐकू जाणार नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? न्हाणीघराची खिडकी आंटींच्या घराकडे उघडते. म्हणून तिनं शेजारणीला कळेल अशा भाषेत मदत मागितली. अगदी शहाण्या माणसासारखा विचार केला तिनं, आणि तोच तिच्यावर उलटला.

आंटींचा मला भयंकर राग आला. पण त्याहून जास्त भीती वाटली. आई शुद्धीवर होती, हाका मारत होती आणि आपण चार खोल्या पलीकडे फॉल लावत बसलो होतो, हे अप्पांना कळलं तर ते जगायचे नाहीत. मी आंटींचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, अप्पांजवळ एक अक्षर काढायचं नाही, कधीच नाही. त्यांनी मान डोलावली खरी, पण त्यांच्या पोटात ते राहणार नाही हे चेहऱ्यावर दिसत होतं. मी गावातच विजयनगरला माझ्या घरी जायचं रद्द केलं आणि कॉलेजातली रजा वाढवली. पहारा करणं भाग होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी रेडिओ लावला. सुतकात तो बंद होता. आधी कुणी स्वामीजी मन शांत ठेवण्याविषयी बोलले. मग दिल्लीहून बातम्या आल्या, हिंदीत आणि इंग्रजीत. कुठे पूर आला होता, कुठे बैठक झाली होती. अप्पांना इंग्रजी येत नाही, तरी ते मान खाली घालून सगळं ऐकतात. त्यानंतर संस्कृतमधून पुन्हा तोच पूर आला. मग एक डॉक्टर मधुमेहात पायांची काळजी कशी घ्यावी ते सांगत बसले. महिलांच्या कार्यक्रमात एक बाई लोणच्याला बुरशी का धरते ते समजावून सांगू लागल्या, तेव्हा अप्पा अशा गंभीरपणे हुं हुं करत होते की जणू उद्या लोणचं तेच घालणार आहेत. मला हसू आलं. मग मनात आलं, आता या घरात लोणचं घालणार कोण.

जेवणाच्या वेळेला आंटी डबा घेऊन आल्या. मी दारातच डबा घेतला. त्या माझ्या खांद्यावरून आत बघत होत्या.

"आत बोलव की तिला," अप्पा मशीनवरून म्हणाले.

"घाई आहे त्यांना," मी म्हटलं आणि आंटींच्या तोंडावर दार लावलं. जन्मात शेजाऱ्यांशी मी इतकी वाईट वागले नव्हते, पण त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही.

दुपारी शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम झाला, नारळाच्या झाडाला खत किती घालावं वगैरे. एका निवृत्त मास्तरांची मुलाखत झाली. त्यांनी प्रश्नापेक्षा भलतंच काहीतरी सांगून माझं डोकं उठवलं. मग नाटक सुरू झालं. कन्नड कौटुंबिक नाटक, त्यात एक म्हातारी मुलाच्या नावानं रडत होती. माझा जीव टांगणीला लागला.

"अप्पा, बंद करू काय? डोकं दुखतंय माझं."

"बेडा. राहू दे." त्यांनी मशीन थांबवली. "त्या आंटीला तू दारात का अडवतेस, मला कळतं. काय सांगायचंय तिला तेही ठाऊक आहे. मी पण ऐकलं होतं."

"काय ऐकलंत?"

"तुझ्या आईला. असंच नाटक चाललं होतं. मधेच एक बाई ओरडायला लागली, यारादरू बन्नी म्हणून. मला वाटलं, नाटकातलीच. तुझी आई मला कन्नडात कधी हाक मारेल काय? अहो म्हटलं असतं तर उठलो असतो मी. एकदा अहो म्हणायचं होतं, अष्टे. तेवढं पुरे होतं."

आमच्या घरातलं मराठी अर्धं कन्नडच आहे, पुण्याचे पाहुणे त्याला हसतात. पण हाक मराठीतच मारायची. अख्खं कन्नड वाक्य या घरात फक्त रेडिओ बोलायचा.

मी माझं पाठ केलेलं वाक्य काढलं. "अप्पा, डॉक्टर म्हणाले ना, पडल्याबरोबर शुद्ध गेली असेल..."

"सुम्मने बस गं, गप्प. डॉक्टर होता काय इथं?"

कालपासून मी ज्याच्यासाठी दारं लावत फिरत होते, ते ह्या माणसानं पहिल्या दिवसापासून एकट्यानं पोटात ठेवलं होतं. आंटी निदान रडल्या तरी होत्या. मला अप्पांची दया आली आणि रागही आला, मला का नाही सांगितलं म्हणून.

अप्पा फॉल अर्धा लागलेल्या साडीकडे बघत होते. "बरं बोलत होती ती," ते म्हणाले. "बाई खरंच कुठं तरी अडकलीय असं वाटत होतं. पण आवाज लांबून येत होता, नीट कळेना. म्हणून मी रेडिओ मोठा केला."

मी त्यांच्याजवळ जाऊन खाली बसले आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तिला आत ऐकू आलं असेल काय गं," त्यांनी विचारलं, "मी मोठा केलेला?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं, आणि मला नाही म्हणता आलं नाही.