मामांनी शाकारलेली गाडी

गाडी चालवणारे, गाडी धुणारे आणि गाडीला लिंबू-मिरची बांधणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत, पण गाडीला नांगर टाकणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. माझी चारही चाकांनी ओढणारी, डोंगर चढणारी, नदी ओलांडणारी नवी कोरी गाडी समुद्रकाठच्या मुरब्याला त्यांच्या अंगणात उभी राहिली, की ते पडवीतून हाताच्या मनगटाएवढा जाड दोर आणतात, एक टोक गाडीच्या पुढच्या हुकाला बांधतात आणि दुसरं माडाला. हँडब्रेक ओढलाय, गिअर टाकलाय, अंगण सपाट आहे, असं मी पहिल्या वेळी सांगून पाहिलं. "भरतीला त्यातलं काय म्हायती नाय," मामा म्हणाले आणि गाठ आणखी आवळली. भरती त्या अंगणात कधीच आलेली नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पण मी पडलो घाटावरचा, लग्नाला इतकी वर्षं होऊनही बोंबील आणि मांदेली यांपलीकडे मासा न ओळखणारा, तेव्हा समुद्राच्या बाबतीत मी त्या घरात तोंड उघडत नाही.

मामा आयुष्यभर तांडेल होते. होडी कुठे न्यायची, जाळं कुठे सोडायचं आणि वारा फिरला की परत कधी वळायचं, हे ठरवणारा माणूस म्हणजे तांडेल, आणि त्याचा शब्द होडीवर कोणी मोडत नाही. मामांचा समज असा की तो जमिनीवरही कोणी मोडू नये. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मात्र तो मोडला. दिवाळीच्या सुमारास त्यांनी सांगितलं, मागच्या पडद्याचं दुखणं आहे, दिसतंय तेवढं सांभाळा, यापुढे होडीवर पाय ठेवायचा नाही. मुलगा कारखान्यात नोकरीला लागलेला, त्याला समुद्राची ओढ नाही. होडी विकली. नवा मालक ती घेऊन गेला त्या दिवशी मामा भिंतीकडे तोंड करून पडले ते पडूनच राहिले. नेमकी त्याच दिवसांत मी गाडी घेतली आणि मिरवायला म्हणून मुरब्याला नेली. तिचा आवाज ऐकून मामा उठले, अंगणात आले, तिच्याभोवती हात फिरवत एक चक्कर मारली, बोनेट उघडायला लावलं आणि इंजिनाजवळ कान नेऊन बराच वेळ उभे राहिले. निघताना मामींनी मला पडवीत गाठलं. मामी फार बोलणारी बाई नाही. "जावय, गाडी त्यांच्या हाताखाली ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "हाताला काम नाय ऱ्हायलं तर हा माणूस परत उठायचा नाय." मी मोठ्या मनाने हो म्हणालो. हाताखाली म्हणजे नक्की काय, हे विचारायला हवं होतं.

आता मला अशी गाडी कशाला हवी होती, हा प्रश्न बायकोने विचारला होता आणि अजूनही विचारते. मी तारापूरच्या कारखान्यांच्या वसाहतीत एका रंगाच्या कंपनीत खरेदी विभागात बसतो. बसतो हेच क्रियापद बरोबर आहे. घर बोईसरला, ती वसाहतही बोईसरलाच, फार तर कामासाठी पालघरला जायचं. या सगळ्या प्रवासात चारही चाकांची ताकद लागावी असं एकच ठिकाण, ते म्हणजे कुंभवलीकडे जाताना गटारासाठी खणून ठेवलेला चर, आणि त्यातूनही रिक्षावाले दिवसभर पलीकडे जातात. पण चाळिशी उलटल्यावर माणसाला पर्वत खुणावू लागतात. मी वर्षभर मोबाइलवर बर्फातून, वाळवंटातून, ओढ्यातून जाणाऱ्या गाड्या पाहिल्या होत्या. नव्या मालकांनी काय करावं यावर बोलणारी दाढीवाली तरुण मंडळी मला नावानिशी पाठ होती. गाडीची उंची वाढवा, टायर मोठे घाला, पाण्यात श्वास घेता यावा म्हणून काचेशेजारी नळी बसवा, छतावर दिव्यांची पट्टी लावा. हे सगळं करायचं मी ठरवलं होतं. पोहता मला येत नाही, पण गाडीला यायला हवं असं मला मनापासून वाटत होतं.

मामांनी हे सगळं ऐकून घेतलं. उंची वाढवायचा बेत त्यांना वेडगळपणाचा वाटला. उंच केलेली होडी लाटेला लोळते, त्यापेक्षा तिच्या पोटात वजन घालावं, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या खेपेला गाडी बोईसरला परत आणली तर मागून काहीतरी गडगडतंय असा आवाज. मी थेट सर्व्हिस सेंटर गाठलं. तिथल्या कारागिराने खालून-वरून तपासलं, मग मागचं दार उघडलं. आत गोणपाटात गुंडाळलेले समुद्रावरचे चांगले गुळगुळीत दगड होते. कारागीर उत्तर प्रदेशाकडचा, शांत माणूस. "साहब, ये कंपनी फिटिंग नहीं है," एवढंच तो म्हणाला. मी मान डोलावली, जणू मलाही तीच शंका होती. त्यानंतर मामांनी गाडीच्या दोन्ही अंगांना स्कूटरचे जुने टायर दोरीने लटकवले, कारण धक्क्याला लागताना होडी घासू नये म्हणून तसं करतात, आणि बोईसरचं पार्किंग मामांनी एकदा पाहिलं होतं. छतावर मी परदेशी पद्धतीची जाळी लावणार होतो, तिथे त्यांनी स्वतः विणलेलं नायलॉनचं जाळं ताणून बसवलं. नाक्यावरच्या सिग्नलला एक तरुण बुलेटवाला शेजारी थांबला आणि हे काम कुठे करून मिळतं, असं त्याने फार आदराने विचारलं. मी मुरब्याला, असं सांगितलं. तो अजून शोधत असेल.

पण खरा प्रसंग आला तो तेलाचा. खाऱ्या हवेत लोखंड कसं झिजतं यावर मामा तासन्‌तास बोलू शकतात आणि त्यातलं बरंचसं खरं असतं. समुद्रावरून आलात की गोड्या पाण्याने खालून धुवा, चारही चाकांना ताकद देणारा दांडा अधूनमधून मातीच्या रस्त्यावर टाकून पाहा, नाहीतर तो रुसतो, वाळूत उतरायचं तर टायरातली हवा कमी करा. हेच सगळं गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकातही आहे, असं मी आनंदाने दाखवलं तेव्हा मामा जरा नाराज झाले. कंपनीला इतकं समजत असेल तर आपलं काय काम, असं त्यांना वाटलं असावं. म्हणून त्यांनी पुस्तकात नसलेला उपाय काढला. पूर्वी लाकडी होड्यांना मुशीचं तेल लावत, मुशी म्हणजे शार्क. ते तेल त्यांनी कुठूनसं मिळवलं आणि गाडीच्या खाली उताणं पडून सगळ्या बुडाला हाताने चोळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सोसायटीच्या वॉचमनने मला उठवलं. गाडीखाली मांजरं होती. बोईसरमध्ये इतकी मांजरं आहेत हे मला माहीत नव्हतं. काही बोनेटवर होती, दोन जाळ्यात अडकून ओरडत होती, आणि एक म्हातारा बोका ड्रायव्हरच्या बाजूच्या चाकाला टेकून असा बसला होता की गाडी त्याच्याच नावावर असावी. चार दिवसांनी समोरच्या इमारतीतले शाकाहारी शेजारी खिडकी लावून घेत म्हणाले की वास येतो तो एक वेळ सोसू, पण गाडी निघाली की मागे वरात निघते ते बरं दिसत नाही. मी बायकोला म्हणालो, मामांना आता सांगायला हवं. ती म्हणाली, "सांग की. मामा काल तीन चपात्या जेवला, मामीचा फोन होता." मग मी काही सांगितलं नाही. मांजरांना मी हळूहळू नावं देऊ लागलो.

एवढं सगळं मी सोसलं ते एकाच आशेवर, ती म्हणजे पावसाळा. अशी गाडी माणूस घेतो ती पावसाळ्यासाठी. जव्हारच्या बाजूला चिखलाचे रस्ते, भरलेले ओढे, धुकं, आणि त्यातून जाणारा मी. कंपनीतल्या चौघांना मी तारखेसकट आमंत्रण देऊन ठेवलं होतं. जूनच्या तोंडाशी मामांचा फोन आला, गाडी घेऊन या, वर काढायची वेळ झाली. मला वाटलं काही तरी दुरुस्ती असेल. गेलो तर अंगणाच्या कडेला बांबू रोवलेले, झावळ्यांचा ढीग, निळं प्लास्टिक आणि मामांचे दोन पुतणे हाताशी. पावसाळ्यात समुद्र खवळतो, तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारतात आणि नारळी पौर्णिमेला सागराला नारळ वाहिल्यावर पुन्हा पाण्यात लोटतात. हा नियम मामांच्या बापाने मोडला नव्हता, आजाने मोडला नव्हता. पावसात गाडी बाहेर काढणार कोण, असं त्यांनी मला विचारलं, आणि विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर काळजी होती. मी म्हणालो, मामा, ही गाडी पावसासाठीच बनवलेली आहे. मामा पुतण्यांकडे वळून हसले, घाटावरच्या माणसाकडे पाहून किनाऱ्यावर हसतात तसे. मी मामींकडे पाहिलं. त्या पदराला हात पुसत दारात उभ्या होत्या. मी चावी दिली. संध्याकाळपर्यंत चाकांखाली लाकडी ओंडके गेले, बॅटरीच्या वायरी सुटल्या आणि माझी नदी ओलांडणारी गाडी झावळ्यांखाली दिसेनाशी झाली.

मग मी बायकोच्या स्कूटरवरून कंपनीत जाऊ लागलो. रेनकोटची चेन अर्ध्यात अडकते, चष्म्यावर पाणी, आणि गटाराच्या त्या चराशी आलो की उतरून ढकलत न्यावी लागते. ज्या चौघांना मी आमंत्रण दिलं होतं ते गेटवर रोज माझी वाट पाहत. साहेबांनी तर सगळ्यांच्या देखत, तुमची ती सगळीकडे जाणारी गाडी सध्या कुठे असते, असं विचारलं. मी म्हणालो, रजेवर आहे. माणसाने स्वतःवर हसावं हे खरं, पण त्यालाही पाऊस जरा कमी लागतो. ऑगस्ट लागायच्या आधीच माझा संयम सुटला. एका रविवारी दुपारी जेवून मी दुसरी चावी खिशात टाकली आणि मुरब्याकडे निघालो. वाटभर मनाशी भाषण घोळवत होतो. मामा, तुमचा मान आहे, पण गाडी माझी आहे. मामा, होडी वेगळी आणि गाडी वेगळी. हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं.

घरात कोणी नव्हतं. पाऊस थांबला होता आणि झावळ्यांखालून घासल्यासारखा आवाज येत होता. वाकून आत गेलो. अंधारात मामा गाडीच्या मागच्या चाकाशी बसले होते. चाकाचा एकेक बोल्ट सोडवून ते चिंधीने पुसत होते, बोटाने आटे चाचपत होते, तेल लावून परत बसवत होते. मी अगदी पुढ्यात उभा होतो, अंगातून पाणी निथळत होतं, आणि मामांनी वर पाहिलं ते माझ्या खांद्यापलीकडे. तेव्हा मला कळलं. दिसतंय तेवढं सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले होते, ते आता फारसं उरलेलं नव्हतं. मामांनी हे कोणाला सांगितलंही नव्हतं. त्या अंधाऱ्या जागेत त्यांना दिव्याची गरजच नव्हती.

"कोन, जावय का?" ते म्हणाले. "स्कूटरच्या आवाजावरून वलखलं." मग चिंधी मांडीवर ठेवली. "गाडी न्यायाला आलाव ना. न्या. तुमची हाय ती. आमी आपलं उगाच अडवून बसलाव."

माझ्या जिभेवर भाषण तयार होतं. होडी वेगळी, गाडी वेगळी. ते मी गिळलं.  मी त्यांच्याजवळ ओल्या मातीत बसलो आणि म्हणालो, न्यायला नाही आलो मामा. काम कुठवर आलंय ते पाहायला आलो.

मामांनी मांडीवरची चिंधी बाजूला केली. मग त्यांनी माझा हात धरला आणि पुढच्या चाकामागच्या एका सांध्यावर नेऊन ठेवला. "हितं हात लावा," ते म्हणाले. "खरखर लागते? अजून बराच काम हाय. नारळी पुनवेच्या आदी व्हईल का नाय, सांगता येत नाय." मला खरखर काहीच लागली नाही. सांधा चांगला गुळगुळीत होता, त्यावरून त्यांचा हात बहुधा रोज फिरत असावा. मी म्हणालो, खरंच की, बरीच खरखर आहे. मग आम्ही दोघं मिळून तो सांधा घासत बसलो, तांडेल सांगेल तसं.

परतताना पावसाने पुन्हा गाठलं. घरी पोचलो तर बायको दारात. माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं आणि गाडीचं काय झालं, म्हणून विचारलं. मी म्हणालो, "समुद्र अजून निवळला नाही." एरवी तिने मला सोडलं नसतं. पण ती आत गेली, टॉवेल घेऊन आली आणि माझं डोकं तिनेच पुसलं. यंदा नारळी पौर्णिमा कधी आहे, हे मी अजून कॅलेंडरात पाहिलेलं नाही.