बाल्कनीतला हात

आम्ही भोपाळला कारखान्याच्या टाउनशिपमध्ये राहायचो. सकाळी शिफ्टची बस वळणावर आली की एक बाई बाल्कनीत हात उंच धरून मुठीची उघडझाप करायच्या. आपल्यालाच हात करतायत असं समजून अख्खी बस हात हलवायची.

एकदा त्या भाजीबाजारात भेटल्या. उजवा हात सुजलेला, बांगड्या सगळ्या डाव्या हातात. मी बसचं सांगितलं, तशा खळखळून हसल्या.

"अहो भैया, तो व्यायाम आहे! कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या, तेव्हापासून हातात पाणी साचतं. रक्ताला हृदय ढकलतं, या पाण्याला कोणी नाही. मूठ दाबून आपणच वर चढवायचं."

"म्हणजे आम्ही उगाच..."

"उगाच कसं? एकटीला कंटाळा येतो. रविवारी तुमची बस नसते ना, सोमवारी हात जड असतो."

मी ड्रायव्हरला सांगितलं. दर सोमवारी तो वळणावर बस मुद्दाम हळू घ्यायला लागला.