राऊत मास्तरांची उघडी भिंत

मयताचे नाव : दामोदर राघो राऊत, निवृत्त चित्रकला शिक्षक, राहणार माकुणसार. मृत्यू : गेल्या महिन्यात, राहत्या घरी, पहाटे. मृत्यूचे कारण : डॉक्टरांच्या मते हृदय, माझ्या मते गिलावा. साक्षीदार : श्रीमती हिराबाई तांडेल, मासळी विक्रेत्या, आणि मी स्वतः, अर्जलेखक, पालघर.

पालघरला कचेरीबाहेर माझे टेबल आहे. त्या दिवशी हिराबाई डोक्यावरची पाटी न उतरवताच समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मास्तर गेलं. तुमचा अर्ज तसाच रायला." मी लेखणी बंद केली. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले, परंतु मी लिहिलेल्या अर्जाला उत्तर आले नाही असे क्वचितच घडले आहे. सदर अर्जाला आले नाही.

प्रकरण समजण्यासाठी एका जर्मन माणसाची ओळख करून देणे भाग आहे. मास्तर बोईसरच्या शाळेत असताना तेथील रद्दीवाल्याकडे त्यांना एक जाडजूड जर्मन पुस्तक मिळाले. गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकातील एका वास्तुशिल्पकाराच्या इमारतींची ती चित्रे होती : स्टेशने, शाळा, मंडया, सगळ्या उघड्या विटेच्या. मास्तर त्याचे नाव दर वेळी वेगळे उच्चारत, म्हणून चुकीचे नाव मी येथे छापू इच्छित नाही. आम्ही त्याला 'जर्मन' म्हणत असू. औद्योगिक वसाहतीत मशीन बसवायला आलेल्या त्याच देशाच्या एका इंजिनीअरला मास्तरांनी घरी जेवायला नेले, सुरमई खाऊ घातली आणि पुस्तक वाचून घेतले. दोघांचेही इंग्रजी बेताचे. तरीही एवढे कळले, की जर्मन वीटभट्टीवाल्याचा मुलगा होता. त्या काळी श्रीमंत लोक विटेवर गिलावा करून ती दगड असल्याचे भासवत. जर्मन त्याला खोटेपणा म्हणे, त्यामुळे त्याची कामे जात. तो वारल्यावर गावाने त्याच्या स्टेशनसमोर त्याचा पुतळा बसवला आणि पुतळा शोभून दिसावा म्हणून स्टेशनला गिलावा केला! हे ऐकून मास्तर इतके हसले, की इंजिनीअर गोंधळला. "माझ्यावर पुतळ्याचा खर्च कोणी करणार नाही, एवढं बरं," ते म्हणाले...

पुढे किनाऱ्यावरच्या एका ग्रामपंचायतीने (नाव अर्जात आहे, येथे घालत नाही) मासळी बाजाराची इमारत बांधायला काढली. मास्तरांनी नकाशा फुकट काढून दिला. आपल्याच भागातील भट्टीची वीट, गिलावा नाही, आणि बसणाऱ्या बायकांच्या पाठीच्या उंचीपासून वरपर्यंत भिंतीत विटांची जाळी, म्हणजे समुद्राचा वारा आत यावा आणि वास बाहेर जावा. आपल्याकडे बिनगिलाव्याचे घर म्हणजे मालकाचे पैसे संपले, असा सरळ हिशेब आहे. हिराबाईंनीही विचारले होते, "मास्तर, भिंतीला कपडे नाय घालायचे?" मास्तरांनी त्यांना जाळीपुढे बसवले. वारा लागल्यावर त्या म्हणाल्या, "राहू द्या उघडीच."

सरपंचांना मात्र वारा लागला नाही. अर्धवट इमारतीच्या उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे. उद्घाटनापूर्वी सगळी जाळी बुजवली, गिलावा झाला, वर गुलाबी ऑइलपेंट. हिराबाई तेवढ्या जागच्या उठल्या नाहीत. गवंड्यांनी विनवले, सरपंचांनी दम दिला... शेवटी त्यांच्या पाठीमागचा तुकडा सोडून बाकीचे काम पुरे झाले. आत वास कोंडला, बायका पुन्हा रस्त्यावर जाऊन बसल्या. हिराबाई आजही तिथेच बसतात. मास्तर रोज संध्याकाळी येत, त्या तुकड्यावर हात ठेवून उभे राहत, आणि मग माझ्याकडे येऊन, गिलावा काढून जाळी मोकळी करावी अशा आपल्या अर्जात एखादा शब्द अधिक कडक करून घेत.

शोकसभा त्याच गुलाबी बाजारात झाली. सर्वांनी नाकाला रुमाल लावले होते, त्यामुळे फोटोत सगळे रडताना दिसतात. सरपंचांनी मास्तरांना 'या वास्तूचे शिल्पकार' म्हटले आणि जाहीर केले, की त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी बसवली जाईल. कोठे? तर तो एकच तुकडा ओबडधोबड राहिला आहे, त्यावर गिलावा करून तेथे. टाळ्या पडल्या. हिराबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "मेल्यावर तरी सोडा म्हनावं त्याला."

सबब, वर्तमानपत्राच्या या पुरवणीच्या वाचकांसमक्ष विनंती करण्यात येते, की कै. राऊत यांच्या नावाची पाटी लावू नये. त्यांचे नाव कोठेही नसले तरी चालेल. तो तुकडा उघडा राहावा. मूळ अर्जाचे व या अर्जाचे उत्तर लेखी द्यावे. अर्जदार हयात नसल्याने ते हिराबाई तांडेल यांना, त्यांच्या जागेवर जाऊन, वाचून दाखवावे. त्या भिंतीला पाठ लावून बसलेल्या असतात, आणि उठणार नाहीत.